‘मॉर्गनची चॅसी लाकडी असते’: एका वाक्याची तपासणी

मॉर्गन ही इंग्लिश स्पोर्ट्स कार लाकडी चॅसीवर बनते, हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. मोटारींच्या मासिकात, रविवारच्या पुरवणीत, क्विझमध्ये. माझ्या पहिल्या वर्षाच्या साहित्य-आढाव्यातही हे वाक्य होतं. मागे तीन संदर्भही लावले होते, त्यामुळे मला ते अगदी भक्कम वाटत होतं.

सादरीकरणाच्या दिवशी समितीतल्या एका सरांनी स्लाइड थांबवायला सांगितली. ‘मागचे कमानपाटे कशाला बांधलेत?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, चॅसीला. ‘म्हणजे लाकडाला? बोल्ट लाकडातून गेलाय?’ मी गप्प बसले. तीन संदर्भांपैकी एकातही बोल्ट नव्हता.

वाक्य चूक आहे. ही चूक एखाद्या लेखकाच्या निष्काळजीपणाची असती तर त्यावर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण ती ज्या पद्धतीने झाली आहे, त्याच पद्धतीने तुमच्या माझ्या प्रबंधात आणखी दहा चुका शिरतात. म्हणून ती जरा उकलून बघू.

आधी जे नक्की आहे ते. मॉर्गनचा कारखाना इंग्लंडमध्ये वूस्टरशरमधल्या मॉल्व्हर्न लिंक इथे. सुरुवातीच्या तीनचाकी गाड्यांना पोलादी नळ्यांची चॅसी होती. १९३६ साली चारचाकी ‘फोर-फोर’ आली, तिला पोलादी शिडीसारखी चॅसी होती: दोन बाजूंना दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे सदस्य. बाजूच्या पट्टीचा छेद इंग्रजी झेड अक्षरासारखा. तिच्या आत वळलेल्या कडेवर गाडीच्या तळाच्या फळ्या टेकतात. या फळ्या लाकडीच आहेत. हीच पोलादी मांडणी, बदल होत होत, २०२० पर्यंत चालली. तिची जागा चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या चॅसीने घेतली. म्हणजे नळी, झेड पट्टी, ॲल्युमिनियम. या क्रमात लाकडी चॅसी कुठेच बसत नाही.

मग लाकूड कुठे आहे? चॅसीच्या वर. गाडीचं शरीर, म्हणजे दारं, बाजू, मागचा भाग, ज्या सांगाड्यावर उभं राहतं तो ॲश नावाच्या लाकडाचा. धातूचा पत्रा त्याच्यावर चढवतात. हा सांगाडा तयार झाला की तो चॅसीवर ठेवून बोल्टने आवळतात.

आता वरच्या परिच्छेदात मी ‘सांगाडा’ हा शब्द वापरला तो पाहा. मराठीत चॅसीलाही सांगाडा म्हणतात आणि बॉडीच्या आतल्या चौकटीलाही. इंग्रजीतही तसंच आहे, ‘फ्रेम’ दोन्हीला चालतो. कोणीतरी ‘वुडन फ्रेम’ लिहिलं, ते बरोबरच होतं. पुढच्याने ते वाचून ‘वुडन चॅसी’ लिहिलं. तिसऱ्याने दुसऱ्याचं वाचलं. मी तिघांचंही वाचलं आणि तीन साक्षीदार मिळाले म्हणून खूश झाले. खरं तर साक्षीदार एकच होता, आणि तोही वेगळं काहीतरी सांगत होता.

हा फरक आपल्याला इतका अनोळखी नाही खरं तर. पुणे-मुंबई किंवा नाशिकच्या रस्त्यावर नुसती चॅसी घेऊन जाणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिले असतील: ना केबिन, ना काच, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि मागे उघडी शिडी. ती गाडी आहे, चालते, वळते, ब्रेक लागतो. तिला फक्त शरीर नाही. एसटीचंही असंच. महामंडळ चॅसी विकत घेतं आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांमध्ये त्यावर बसची बॉडी बांधतं. गावाकडच्या ट्रकचा हौदा लाकडी असला म्हणून ट्रकची चॅसी लाकडी आहे असं कोणी म्हणणार नाही. पण तेच मॉर्गनबद्दल छापून आलं की आपण मान डोलावतो. परदेशी आहे, जुनी आहे, हाताने बनवतात, असेल बुवा.

मॉर्गनच का, हाही प्रश्न विचारायला हवा. एम.जी.ची टी.सी., म्हणजे १९४५ ते १९४९ मधली ती छोटी दोन सीटची गाडी, तिच्याही बॉडीत ॲशचा सांगाडा होता. त्या काळात बॉडी बांधणाऱ्या बहुतेक कारागिरांची हीच रीत होती, बग्गीच्या काळापासून चालत आलेली. एम.जी.ची चॅसी लाकडी असल्याचं मात्र कोणी लिहीत नाही. फरक असा की बाकीच्यांनी लाकूड सोडलं आणि मॉर्गनने सोडलं नाही. सगळ्यांकडे होतं तेव्हा त्याच्यावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. एकाकडेच उरलं तेव्हा ती त्याची ओळख झाली, आणि ओळख सांगताना माणूस थोडं वाढवूनच सांगतो. कारखान्यातले फोटोही सुताराचे, पटाशी आणि लाकडाच्या भुशाचे. झेड पट्टीचा फोटो कोण काढणार?

गंमत म्हणजे खरोखर लाकडी चॅसी असलेल्या गाड्या होत्या, आणि त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. सुरुवातीच्या फ्रेंच गाड्या, उदाहरणार्थ पानार ए लव्हासोर, यांची चॅसी लाकडाच्या तुळयांची असे आणि तुळईला बाजूने लोखंडी पट्टी बोल्टने आवळलेली असे. वाकण्याचा ताण पट्टीने घ्यायचा, आकार लाकडाने धरून ठेवायचा. १९०१ ची पस्तीस अश्वशक्तीची मर्सिडीज दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची चॅसी घेऊन आली आणि वारं फिरलं. पत्र्याचा सी-चॅनल दाबून बनवला की मध्ये जिथे वाकण्याचा ताण जास्त तिथे तो खोल ठेवता येतो आणि टोकांकडे निमुळता करता येतो. तुळईचं असं करायला गेलात तर लाकूड वाया जातं आणि धारेला छेद जातो.

तरी अमेरिकेतल्या सिरॅक्यूजच्या फ्रँकलिन कंपनीने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ॲशच्या थरांची चॅसी सोडली नाही. हवेने थंड होणारं इंजिन, पूर्ण लंबगोल कमानपाटे आणि लाकडी चॅसी, असा त्यांचा हिशेब होता. वजन कमी ठेवायचं आणि धक्के मधल्यामध्ये जिरवायचे. दुसरं उदाहरण मार्कोस. १९५९ साली जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी सुरू केलेली ही ब्रिटिश कंपनी. कॉस्टिन विमानांच्या डी हॅविलंड कंपनीतून आलेला, जिने दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो हे लाकडी विमान बनवलं होतं. मार्कोसची चॅसी प्लायवूडची होती, आणि तिथे सांधा बोल्टचा नाही, सरसाचा, म्हणजे आधुनिक गोंदाचा आहे.

इथे मी माझ्या विषयावर येते. लाकूड की पोलाद हा प्रश्न पदार्थाचा वाटतो. पण त्याचं उत्तर सांध्यात सापडतं. सरांनी बोल्टबद्दल विचारलं ते उगाच नाही.

लाकूड दाबाखाली चेपतं आणि ऋतूप्रमाणे फुगतं-आक्रसतं. लाकडात बोल्ट आवळला आणि लाकूड वाळलं की नट आपोआप सैल. म्हणून लाकडाच्या बाजूला मोठा वॉशर किंवा पट्टी लागते. दुसऱ्या बाजूला बहुधा कॅरेज बोल्ट असतो: डोकं घुमटासारखं गुळगुळीत, आणि डोक्याखाली चौकोनी मान. ती मान लाकडात रुतून बसते, त्यामुळे नट आवळताना डोकं धरावं लागत नाही. नावातच कॅरेज, म्हणजे बग्गी, आहे. पोलादाला पोलाद जोडताना ही चौकोनी मान निरुपयोगी आहे, भोक चौकोनी केल्याशिवाय ती बसणारच नाही. तेव्हा एखाद्या जुन्या गाडीखाली वाकून बघितलं आणि घुमटी डोकी दिसली, तर त्या जागी एका बाजूला तरी लाकूड असण्याची शक्यता मोठी. चॅसीचे आडवे सदस्य बाजूच्या पट्टीला जिथे मिळतात तिथे मात्र पोलादी चॅसीत बहुतेक वेळा रिव्हेट दिसतील.

रिव्हेटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुस्तकांमध्ये ‘जुनी पद्धत’ म्हणून ते एका ओळीत उरकतात. रिव्हेट ठोकताना त्याचा दांडा फुगतो आणि भोक पूर्ण भरतो. बोल्टच्या भोकात थोडी मोकळी जागा असते. तिथे भार आवळण्याच्या घर्षणावर पेलला जातो. घर्षण कमी पडलं की पत्रे सरकतात, भोक हळूहळू लांबट होतं. चॅसी ही सतत पिळवटली जाणारी वस्तू आहे, एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर. अशा ठिकाणी भोक भरणारा सांधा हवा. वेल्डिंगची अडचण वेगळी: उष्णतेने लांब पट्टी वाकते आणि सांध्याशेजारच्या पोलादाचे गुण बदलतात. आणि जुनी पद्धत म्हणजे सावकाश पद्धत, असंही नाही. अमेरिकेत मिलवॉकीच्या ए. ओ. स्मिथ कंपनीने १९२१ मध्ये चॅसी बनवण्याचा स्वयंचलित कारखाना सुरू केला. दिवसाला १०,००० चॅसी ही त्याची क्षमता, म्हणजे साधारण आठ सेकंदांना एक, आणि रिव्हेट ठोकणंही यंत्रानेच. आजही ट्रकखाली वाकून बघा, रिव्हेट दिसतील.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे बोल्ट आणि रिव्हेट खरं बोलतात, कागदावर विश्वास ठेवू नका. मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्या वर्षात मी पाने आणि पिच गेज घेऊन जुन्या गाड्यांखाली झोपायला लागले. मग कळलं की बोल्टही फसवतो.

ब्रिटिश गाड्यांचे आटे पाहा. व्हिटवर्थचे आटे १८४१ चे, आट्याचा कोन ५५ अंश. त्याच कोनाचे बारीक आटे, बीएसएफ, १९०८ चे. यातली मेख अशी की त्यांच्या पान्यावरचा आकडा डोक्याची रुंदी सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. त्यात बीएसएफचं डोकं एक माप लहान. म्हणून एकाच पान्यावर ‘१/४ व्हिटवर्थ’ आणि ‘५/१६ बीएसएफ’ असे दोन आकडे कोरलेले असतात. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे एकत्रित आटे ठरवले आणि पुढच्या दशकात ब्रिटिश गाड्या हळूहळू तिकडे वळल्या. मग नियम सोपा वाटतो: पाना कोणता बसतो ते बघा, काळ कळेल.

आता एम.जी.च्या टी.सी.कडे परत या. चॅसीवर बीएसएफ. इंजिनावरही व्हिटवर्थचाच पाना चपखल बसतो. पण बोल्ट काढून पिच गेज लावा, आटे मेट्रिक! उदाहरणार्थ, ८ मिलिमीटर जाडी आणि १ मिलिमीटर पिच. १९४० च्या दशकातल्या अस्सल इंग्लिश गाडीत? कारण असं: ऑचकिस या फ्रेंच कंपनीने पहिल्या महायुद्धात कॉव्हेंट्रीत मशीनगनचा कारखाना काढला होता. युद्ध संपल्यावर तिथे मॉरिससाठी इंजिनं बनू लागली. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण इंग्लंडच्या गॅरेजांत पाने व्हिटवर्थचे, म्हणून डोकी व्हिटवर्थच्या मापाची ठेवली. १९२३ मध्ये मॉरिसने हा कारखाना विकत घेतला आणि ही खिचडी पुढे एम.जी.च्या इंजिनांत १९५५ पर्यंत शिजत राहिली.

हे वाचायला मजेशीर आहे, हातात घेतलं की महाग पडतं. आपल्या गॅरेजमध्ये ज्याला अडीच सुती म्हणतात तो ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा. म्हणजे डोळ्याने आणि बोटाने तो ८ मिलिमीटरच्या बोल्टपासून वेगळा कळत नाही. ५/१६ यूएनएफला इंचाला २४ आटे, बीएसएफला २२, आणि १ मिलिमीटर पिचला इंचाला २५.४. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे आरामात जातो, मग घट्ट होतो. फिटरला वाटतं गंज आहे, तो जोर लावतो, आणि ७०-८० वर्षांपूर्वीच्या ओतीव भागातले आटे संपतात. एकदा मी स्वतः असा जोर लावला आहे. गाडी माझी नव्हती. मालकाने काही म्हटलं नाही, फक्त मला चहा दिला नाही.

म्हणजे डोकं एक सांगतं, आटे दुसरं. नुसता पाना लावून ‘हे व्हिटवर्थ आहे’ अशी नोंद केली असती तर माझ्या तक्त्यात ती चूक कायमची राहिली असती, आणि पुढच्या कोणी तिला माझा संदर्भ दिला असता.

यापेक्षा मोठा घोळ पुनर्बांधणी केलेल्या गाड्यांचा आहे, आणि जुन्या गाड्यांवरचं बरंच लिखाण तिकडे काणाडोळा करतं असं माझं मत आहे. चकचकीत गाडी समोर ठेवून ‘१९३६ ची चॅसी अशी बांधत’ असं लिहिलं जातं. अहो, ती १९३६ ची आहे का? चॅसी दुरुस्त करताना गंजलेले रिव्हेट छिन्नीने किंवा ड्रिलने काढतात, आणि परत रिव्हेट ठोकायची सोय बहुतेक वर्कशॉपमध्ये नसते, म्हणून बोल्ट घालतात. नीट करणारे भोक रीमरने साफ करून त्यात चपखल बसणारा बोल्ट घालतात. काही जण तर रिव्हेटसारख्या गोल डोक्याचा बोल्ट लावतात आणि नट आतल्या बाजूला लपवतात. दिसायला छान, पण त्यावरून १९३६ बद्दल काही लिहिणं म्हणजे रंगवलेल्या वाड्यावरून पेशवाईचा रंग ठरवणं.

ओळखायचं कसं? बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असेल तर प्रश्नच मिटला, ती खूण महायुद्धानंतरच्या मानकांतली आहे. अमेरिकन बोल्टवरच्या तीन किंवा सहा रेघांकडेही याच नजरेने बघायचं. भोक लांबट असेल आणि बोल्ट नवा असेल तर मधल्या काळात तिथे काहीतरी सैल होतं. मागचा आडवा सदस्य रिव्हेटचा आणि पुढचा बोल्टचा असेल, तर गाडी पुढून ठोकली गेली होती का, असा पुढचा प्रश्न तयार होतो. यातली एकही गोष्ट विक्रीच्या माहितीपत्रकात नसते. त्या त्या मॉडेलच्या सुट्या भागांच्या यादीत मात्र बरंच असतं: कोणता बोल्ट, किती लांब, किती नग, आणि मुख्य म्हणजे तो चॅसीच्या पानावर दिलाय की बॉडीच्या. संदर्भ म्हणून ही यादी कोणी देत नाही. वाचायला कंटाळवाणी आहे, एवढंच कारण असावं.

मॉर्गनकडे परत येऊन एक भर घालते, कारण ‘लाकडी चॅसी’ खोडणारेही दुसऱ्या टोकाला जातात. ‘लाकूड नुसतं शोभेचं आहे’ असं ठासून सांगतात. दार ज्या खांबाला बिजागरीने टांगलंय तो खांब शोभेचा कसा? पत्रा ज्याला ठोकलाय ती चौकट भार घेतेच. चॅसी नसणं म्हणजे भार न घेणं नव्हे. लाकडी सांगाडा पूर्ण गाडीच्या पिळाला किती विरोध करतो हा खरा, मोजता येण्यासारखा प्रश्न आहे: मागची बाजू पक्की बांधा, पुढे ठरावीक पीळ द्या, कोन मोजा, मग बॉडीचे बोल्ट सैल करून तेच परत मोजा. बोल्ट सैल केल्यावर कोन वाढला तर तेवढं काम लाकूड करत होतं. ‘शोभेचं’ आणि ‘चॅसी’ या दोन्ही शब्दांनी या प्रयोगाचा रस्ताच बंद होतो.

माझ्या आढाव्यातलं ते वाक्य आता असं आहे: ‘मॉर्गनच्या १९३६ पासूनच्या चारचाकी गाड्यांत झेड छेदाच्या पोलादी पट्ट्यांच्या चॅसीवर ॲशच्या लाकडाचा बॉडी-सांगाडा बोल्टने बसवलेला असतो, ही पोलादी चॅसी २०२० पर्यंत वापरात होती.’ लांबलं आहे, आणि क्विझमध्ये चालणार नाही. तीन संदर्भांपैकी दोन काढून टाकले. तिसरा ठेवला, पण आता तो ‘लोकप्रिय लिखाणातले गैरसमज’ या उपशीर्षकाखाली गेला आहे. सरांना मसुदा पाठवला तेव्हा त्यांनी ‘बोल्टने’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून समासात लिहिलं: कोणत्या आट्यांचा?